माझे ८४ गुण



आधी माझी माहिती देते. वय ३७. शिक्षण बारावी, डी.एड., नंतर नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए. जून २०१० मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले, तीन वर्षांनी कायम झाले. सध्या नेरुळच्या एका अनुदानित मराठी शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. राहायला घणसोलीला. शिक्षक पात्रता परीक्षा, पेपर पहिला, २३ नोव्हेंबर २०२५ : १५० पैकी ८४. खुल्या प्रवर्गाला पात्र व्हायला ९० लागतात. म्हणजे मी नापास.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. पण आता लिहिलंय तर त्यामागचं सगळंच सांगते. कारण माझ्यासारखे गुण खिशात घालून गप्प बसलेले अनेक जण आपल्यात आहेत, हे मला आता माहीत झालं आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना पार्श्वभूमी माहीत आहे, पालकांसाठी थोडक्यात सांगते. बालकांचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २३ ऑगस्ट २०१० ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. माझी नेमणूक त्या अधिसूचनेच्या दोन महिने आधीची. त्यामुळे "आपल्याला ही परीक्षा नाही" असं मी पंधरा वर्षं समजत होते, आणि ते चुकीचंही नव्हतं. मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सेवा सोडायची. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठाकडे गेला. माझी अजून एकवीस वर्षं बाकी आहेत. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी सातवीत आहे.

निकाल आला तेव्हा स्टाफरूममध्ये आठवडाभर तोच विषय. कोणी चिडलं, कोणी रडलं, कोणी म्हणालं, "काही होत नाही, संघटना बघून घेईल." मग फॉर्म भरले आणि तिथून सगळे एकदम गप्प झाले. कोण अभ्यास करतंय, कोण नाही, कोणाला काय अडतंय, कोणी बोलेना. मीसुद्धा. लोकलमध्ये घणसोली ते नेरुळ पुस्तक वाचायचे, तेही वर्तमानपत्राचं कव्हर घालून! शाळेतलं कोणी डब्यात भेटलं तर पुस्तक पर्समध्ये. पंधरा वर्षं मुलांना "विचारायला लाजायचं नाही" असं सांगणारी बाई मी.

परीक्षा ठाण्याच्या एका केंद्रावर झाली. माझ्या वर्गात बरेचसे चाळिशीच्या पुढचे परीक्षार्थी होते. पुढच्या बाकावरच्या सरांनी दोन चष्मे आणले होते, एक लांबचा, एक जवळचा. अडीच तासांत १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. गणितात मी अडकले, वेळ गेला, आणि घंटा झाली तेव्हा माझ्या उत्तरपत्रिकेवर नऊ गोल कोरे होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत हे मला माहीत होतं. वर्गात रोज म्हणते, "कोरं सोडू नका रे, येईल तसं लिहा." आणि मीच कोरं सोडून आले. ते नऊ गोल भरले असते तर पास झाले असते असं नाही, पण आजही रात्री झोपताना तेच आठवतात.

निकाल लागला त्या संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर कोणीही काही टाकलं नाही. एरवी दिवसाला पन्नास मेसेज असतात. मुलीने विचारलं, "आई, किती?" मी म्हटलं, "नंतर सांगते." ती काही बोलली नाही, पण तिच्या चाचणीचे पेपर मिळाले की मी तिला "नंतर" म्हणू देत नाही, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं. जेवताना तिला आकडा सांगितला. विषयवार गुणही सांगितले : बालमानसशास्त्र १६, मराठी २२, इंग्रजी १७, गणित १३, परिसर अभ्यास १६. ती म्हणाली, "गणितात माझ्यापेक्षा वाईट आहे तुझं." खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबे उघडले होते. मी म्हणाले, "माझे ८४ आले. सहा कमी पडले." क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आमचे सगळ्यात ज्येष्ठ सर, वय ५१, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "माझे ६१." मग एक ताई म्हणाल्या, "माझे ७८, गणितानेच घालवलं." मग तिसरं कोणी, मग चौथं. एकीने सांगितलं की ती पास झाली आहे, पण बाकीच्यांना वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती! तिचं अभिनंदन आम्ही तेव्हा, डबे संपता संपता केलं.

त्या दिवशी आमच्यात पहिल्यांदा खरं बोलणं झालं. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी पवित्र पोर्टलमधून आलेली एक तरुण मॅडम आहे. ती टीईटी पास होऊनच आली आहे. ती म्हणाली, "मॅडम, गणित मी घेते ना. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास थांबू." आता दर शनिवारी आम्ही सात जण दुसरीच्या छोट्या बाकांवर बसतो आणि आमच्यापेक्षा दहा-वीस वर्षांनी लहान मॅडम आम्हाला शेकडेवारी, काळ-काम-वेग शिकवते. मराठी व्याकरण ज्येष्ठ सर घेतात, त्यात ते वस्ताद आहेत. बालमानसशास्त्र माझ्याकडे आलं. १६ गुणवालीकडे! पण शिकवायचं म्हटलं की शिकावंच लागतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत?

या अभ्यासाने मला काय दिलं ते सांगते, कारण "ही परीक्षा म्हणजे नुसती घोकंपट्टी" असं मीही म्हणत होते. पियाजेचा पाण्याचा प्रयोग डी.एड.ला पाठ केला होता, पण पंधरा वर्षांत वर्गात कधी करून पाहिला नव्हता. या वेळी केला. दोन सारखे पेले, सारखं पाणी. मुलांच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद बाटलीत ओतलं. विचारलं, "आता जास्त पाणी कशात?" वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी बाटलीकडे बोट दाखवलं. सात वर्षांच्या आसपास ही समज पक्की होत जाते असं पुस्तकात आहे. माझी मुलं बरोबर त्या उंबरठ्यावर उभी आहेत. मग माझ्या लक्षात आलं की लिटर-मिलिलिटरचा पाठ मी दरवर्षी फळ्यावर शिकवते आणि दरवर्षी तीच मुलं का गोंधळतात. या वर्षी तो पाठ मी बाटल्या, पेले आणि बादली घेऊन शिकवला.

तसंच वायगॉट्स्कीचं. जे मूल एकट्याने करू शकत नाही पण कोणाच्या मदतीने करू शकतं, तिथेच शिकणं घडतं, हे त्याचं म्हणणं. अडखळणाऱ्या मुलाशेजारी जमणारं मूल मी पहिल्या वर्षापासून बसवते. करत होते, पण त्याला नाव आहे हे विसरले होते. नाव कळलं की आपण ते जाणून-बुजून करतो. आणि स्टाफरूममध्ये तरुण मॅडमच्या शेजारी आम्ही बसलो तेही तेच आहे की!

आता माझं मत. पंधरा वर्षांची सेवा अडीच तासांच्या पेपरने मोजावी का? मला वाटतं, एवढ्याने मोजू नये. वर्गात कोणी येऊन बघावं, मुलांचं वाचन बघावं, मग आमच्याबद्दल ठरवावं. जनगणना, मतदार यादी, निवडणुका या सगळ्या कामांतून वर्गासाठी किती वेळ उरतो तेही बघावं. जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा आपल्यातल्या किती जणांच्या हातात अभ्यासाचं पुस्तक होतं आणि किती जणांच्या हातात ड्युटीचे कागद, ते आपल्याला माहीत आहे. काही राज्य सरकारांनी आणि संघटनांनी पुनर्विचारासाठी न्यायालयाचं दार ठोठावलं आहे. ती लढाई लढायलाच हवी आणि मी त्यात आहे. पण लढाईचा निकाल काय लागेल ते माझ्या हातात नाही. शनिवारचा दीड तास माझ्या हातात आहे. मोर्चाला जायचं आणि अभ्यासही करायचा, यात मला काही विसंगती दिसत नाही.

पण या निकालापेक्षाही आपलं जास्त नुकसान आपली लाज करते आहे, असं मला वाटतं. न्यायालयाने दोन वर्षं दिली. त्यातले कित्येक महिने आपण एकमेकांपासून पुस्तकं लपवण्यात घालवले. एकाच स्टाफरूममध्ये एकाला गणित येतं, दुसऱ्याला इंग्रजी, आणि दोघंही घरी जाऊन एकेकटे नापास होतात. यापेक्षा वाईट गटकार्य आपण वर्गात कधी होऊ दिलं असतं का?

पालकांशीही थोडं बोलायचं आहे. तुमच्या मनात प्रश्न येणं साहजिक आहे : बाईच नापास, तर आमचं मूल काय शिकणार? माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील वाशीच्या भाजी मार्केटमध्ये माथाडी आहेत. पहाटेचं काम आटोपून मुलाला न्यायला येतात. त्यांनी बातम्यांत ऐकून सरळ विचारलं, "बाई, तुमची परीक्षा झाली का?" मी सांगितलं, "झाली, नापास झाले." त्यांनी मुलाचं दप्तर खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "परत बसणार ना?" मी म्हटलं, "बसणार." "मग झालं," म्हणाले आणि गेले. पालकहो, तुम्हीही प्रश्न विचारा. पण वर्गात येऊन मुलांच्या वह्या बघा, त्यांना वाचायला लावा आणि मग आमचे गुण त्याच्या शेजारी ठेवून बघा.

आपल्या ठाण्याच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात कोसबाड आहे. तिथे आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या अनुताई वाघ बालविधवा होत्या. त्या शिक्षिका झाल्या आणि दिवसा शाळेत शिकवून, रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झाल्या. पुढे ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. बाईने शिकवता शिकवता शिकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यात कमीपणा कसला?

ज्यांचे गुण कमी आले आहेत त्यांच्यासाठी, माझ्या चुकांमधून चार गोष्टी :

१. एकूण गुणांकडे बघून रडू नका, विषयवार गुण लिहून काढा. पाचही भागांना ३०-३० गुण आहेत. माझं दुखणं गणित आणि परिसर अभ्यासात आहे, हे कागदावर लिहिल्यावर दिसलं.

२. गणितासाठी गाईडच्या आधी बालभारतीची पाचवी ते आठवीची पुस्तकं सोडवा. प्रश्न पहिली ते पाचवीच्या अभ्यासक्रमावर असले तरी त्यांची काठिण्यपातळी वरच्या इयत्तांपर्यंत जाते. मला मुलगी शिकवते. ती फार कडक आहे.

३. घड्याळ लावून सराव करा आणि एकही गोल कोरा सोडू नका. माझे नऊ आठवा.

४. केंद्राची सीटीईटी हाही मार्ग आहे. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, त्यामुळे एकदाच पार पडायचं आहे. राखीव प्रवर्गाला ५५ टक्के लागतात, हेही लक्षात ठेवा. कोणाला वाटतंय त्यापेक्षा कमीच गुणांचं अंतर कापायचं असेल.

आणि पाचवी गोष्ट, खरं तर पहिली. उद्या मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर आपले गुण सांगा. किती का असेनात. तुमच्यासमोर बसलेलं कोणीतरी ६१ घेऊन आठवडाभर गप्प बसलेलं असेल.

माझे ८४. पुढच्या वेळी परत बसते आहे. जो आकडा येईल तो इथेच लिहीन.