विसर की विषाद?

"अण्णांना हल्ली काहीच आठवत नाही. वय झाले, दुसरे काय!" ७२ वर्षांच्या वडिलांना घेऊन आलेल्या मुलाने बसता बसताच निदान सांगून टाकले. अण्णा मान खाली घालून बसले होते. आज वार कोणता, असे मी विचारले. बऱ्याच वेळाने उत्तर आले, "माहीत नाही. आणि कळून तरी काय उपयोग, डॉक्टर?"

त्या दुसऱ्या वाक्यापाशी मी थांबलो. चौकशी करता कळले, की पत्नीच्या निधनाला चार महिने झाले होते. तेव्हापासून जेवण निम्म्यावर आले होते, पहाटे तीनलाच जाग येत होती आणि वर्तमानपत्राची घडीही मोडली जात नव्हती. तपासण्या झाल्या आणि निदान ठरले : नैराश्य.

उतारवयातील नैराश्य अनेकदा विसराळूपणाचे रूप घेऊन येते. स्मृतिभ्रंश बहुधा वर्षानुवर्षे, नकळत वाढत जातो. तक्रार घरचे करतात आणि रुग्ण मात्र काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. नैराश्यातील विसर काही आठवड्यांत वा महिन्यांत जाणवू लागतो आणि 'माझे डोके चालत नाही' असे रुग्ण स्वतःच सांगतो. अर्थात ही ढोबळ खूण झाली. दोन्ही आजार एकत्र असू शकतात; कधी नैराश्य ही स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूलही असते. थायरॉईडची कमतरता व बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही स्मरणशक्ती मंदावते. म्हणून 'वय झाले' हे निदान घरी करू नये.

शुश्रूषेची रीतही दोन्ही आजारांत वेगळी आहे. नैराश्यग्रस्ताला 'मन घट्ट करा' असे सांगणे व्यर्थ होय. 'चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ' असे म्हणून सोबत निघावे. जेवणाच्या व झोपेच्या वेळा सांभाळाव्यात. औषधाचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, वृद्धांत कधी त्याहून अधिक काळ लागतो. डॉक्टरांना न विचारता ते बंद करू नये. गोळ्या मात्र घरच्यांनी आपल्या ताब्यात ठेवाव्यात. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर ते बोलणे कधीही हसण्यावारी नेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टेली-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र सल्ला मिळतो.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची 'मी कोण, ओळखा पाहू' अशी परीक्षा घेऊ नये. आपणच नाव सांगून बोलायला सुरुवात करावी. एका वेळी एकच सूचना द्यावी. चष्मा, श्रवणयंत्र, घड्याळ व दिनदर्शिका हाताशी आणि नजरेसमोर असावीत. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा. दिवंगत पत्नीची चौकशी केली, तर दर वेळी मृत्यूची वार्ता सांगून घाव ताजा करण्यापेक्षा 'त्यांची आठवण येते ना?' असे विचारून त्यांना बोलते करावे.

आणखी एक इशारा. एक-दोन दिवसांतच रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला वा गुंगीत राहू लागला, तर मूत्रमार्गाचा वा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, शरीरातील क्षारांचा बिघाड किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम संभवतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

दोन महिन्यांनी अण्णा एकटेच दवाखान्यात आले. "तुम्ही आजची तारीख दिली होती," ते म्हणाले. मुलाला ती आठवली नव्हती, वडिलांना आठवली होती! तरीही दर सहा महिन्यांनी त्यांची स्मरणशक्ती तपासायची, असे आम्ही ठरवले आहे. 'वय झाले' म्हणून ते त्या दिवशी घरीच राहिले असते, तर हा बरा होणारा आजार तसाच वाढत गेला असता.