मांजर, उदमांजर, पाणमांजर

माझ्या मैत्रिणीच्या वहिनीला दिवस गेले आणि पंधरा दिवसांत घरातला बोका बेघर झाला. बोक्याचं नाव बंडू, वय वर्षं चार. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला, 'गरोदरपणात घरात मांजर नको, बाळाला धोका.' मग फोनाफोनी झाली, मग काळजी, आणि एका रविवारी सकाळी काका बंडूला पिशवीत घालून आमच्या कॉलेजमागच्या टेकडीवर सोडून आले. 'तिथे उंदीर-पाखरं भरपूर आहेत, मजेत जगेल,' असं वर सांत्वनही केलं.

सोमवारी कॅन्टीनमध्ये यावर कडाक्याचं भांडण झालं. एक गट म्हणाला, 'बाळापेक्षा बोका मोठा का?' दुसरा म्हणाला, 'मुक्या जनावराचा काय दोष?' मी तेव्हा गप्प बसले. पण नंतर वाचत गेले तशी खात्री पटत गेली, की काकांची भीती निराधार नव्हती, फक्त त्यावरचा उपाय पूर्ण उलटा होता. घरासाठीही आणि टेकडीसाठीही.

या भीतीचं नाव टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय. हा एकपेशीय परजीवी 1908 मध्ये ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. पण त्याचं जीवनचक्र नीट उलगडायला 1970 साल उजाडलं. त्या शोधात भारतात पशुवैद्यक शिकून परदेशात गेलेले जितेंदर दुबे यांचाही मोठा वाटा होता. उंदीर, कबूतर, शेळी, डुक्कर, माणूस, अशा कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात हा परजीवी मुक्काम ठोकू शकतो. पण त्याचं लैंगिक पुनरुत्पादन होतं ते फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात. लागण झालेला उंदीर मांजराने खाल्ला, की पुढचे एक ते तीन आठवडे त्याच्या शीतून जाड कवचाच्या लाखो सूक्ष्म पुट्या बाहेर पडतात. ओलसर मातीत त्या वर्षभरही टिकतात. त्यात हा परजीवी महाबेरकी. लागण झालेल्या उंदरांना मांजराच्या वासाची भीतीच वाटेनाशी होते, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2000 मध्ये दाखवलं. म्हणजे उंदीर आपल्याच पायांनी मांजराच्या तोंडी जाणार!

आता वहिनीबद्दल. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला खरंच धोका असतो, त्यामुळे हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मांजराच्या अंगावरून हात फिरवल्याने सहसा ही लागण होत नाही. ताज्या शीतूनही होत नाही, कारण त्या पुट्या संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस, कधी पाच दिवसही लागतात. म्हणून उपाय साधा आहे. लिटरचा ट्रे रोज साफ करायचा आणि तो गरोदर बाईने नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा. उरलेला धोका तर मांजराशिवायच्या घरातही असतोच. नीट न शिजलेलं मटण, न धुतलेली कोथिंबीर, कुंडीतली माती उकरून न धुतलेले हात. शंका असेल तर डॉक्टरांना विचारायचं, रक्ताची तपासणी होते. फ्लॅटमध्ये झोपा काढत पाकिटातलं खाणं खाणाऱ्या आणि उंदीर फक्त मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलेल्या बंडूपासून धोका तसा फारच कमी होता.

तो वाढला टेकडीवर. कारण तिथे बंडूला पोटासाठी शिकार करावी लागणार, शिकारीतून लागण होणार आणि शी कुठल्याही ट्रेमध्ये नाही, उघड्यावर पडणार. पुढे पाऊस ती धुऊन नेणार.

कुठे नेणार? याचं उत्तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मिळालं. तिथे समुद्री पाणमांजरं राहतात, संख्या जेमतेम 3 हजारांच्या आसपास. ही पाणमांजरं उंदीर खात नाहीत आणि जमिनीवर फारशी येतही नाहीत. तरी ती टॉक्सोप्लाझ्माने मरत होती. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की जिथे जमिनीवरचं गोडं पाणी भरपूर प्रमाणात समुद्रात येतं, तिथल्या पाणमांजरांना लागण असण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. पाण्याबरोबर आलेल्या पुट्या समुद्री गोगलगायींवाटे पाणमांजरांच्या पोटात जात होत्या. 2019 मध्ये तर पाणमांजरांचा जीव घेणारा परजीवीचा प्रकार आणि किनाऱ्यालगतच्या भटक्या व रानटी मांजरांमधला प्रकार यांचा जनुकीय मेळ बसला. त्याआधीच, 2006 मध्ये, कॅलिफोर्नियाने कायदा करून मांजराच्या लिटरच्या पाकिटावर 'हे टॉयलेटमध्ये टाकू नका' अशा अर्थाची सूचना छापायला लावली होती.

ही फक्त समुद्राची गोष्ट नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरातल्या 45 हजारांहून अधिक वन्य सस्तन प्राण्यांची माहिती तपासली. 2021 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की माणसांची वस्ती जिथे दाट, तिथल्या वन्यप्राण्यांत लागण जास्त. संशोधकांच्या मते कारणं दोन. दाट वस्तीत मोकाट मांजरं जास्त असतात, आणि पुट्या गाळून अडवणारी झाडी, ओढे, चांगली माती तिथे उरलेली नसते.

हे वर्णन ओळखीचं वाटतं ना? मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला इमारती खेटून उभ्या आहेत. तिथे बिबटे आहेत आणि वाघाटी हे जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी एकही आहे. दोघंही मांजरकुळातली, म्हणजे लागण घेणारीही आणि पसरवू शकणारीही. आमच्या टेकडीवर मुंगूस आहे, मोर आहे, रात्री हॉस्टेलच्या पत्र्यावर धावणारं उदमांजर आहे. उदमांजर आणि पाणमांजर यांच्या नावात मांजर असलं, तरी ती मांजरकुळातली नाहीत. ती या परजीवीची लागण फक्त सोसतात, पुट्या बाहेर सोडत नाहीत.

म्हणून मांजरं पकडून 'लांब कुठेतरी' सोडून येण्याला माझा ठाम विरोध आहे. ते लांबचं 'कुठेतरी' रिकामं नसतं, तिथे कुणीतरी आधीच राहत असतं. विष घालणं तर गुन्हाच आहे. पण कॅम्पसमधल्या आपल्यासारख्या मांजरप्रेमींचंही थोडं चुकतंच. पार्किंगमध्ये दूध-बिस्किट टाकायचं, पिल्लांची रील काढायची आणि सुट्टी लागली की घरी जायचं. पुढच्या सत्रात चाराची बारा मांजरं झालेली असतात. पुट्या बाहेर पडतात त्या बहुतेक वेळा पहिल्याच लागणीनंतर, म्हणजे नुकतीच शिकार करायला शिकलेल्या पिल्लांकडून. जितकी पिल्लं कमी, तितक्या पुट्या कमी. इतका सरळ हिशोब आहे.

मग करायचं काय? प्रत्येक कॉलेजात प्राणिमित्रांचा एखादा ग्रुप असतोच. त्याने वर्गणी काढून आधी नसबंदी करून घ्यावी, खाऊ नंतर. खायला घालायची जागा आणि वेळ ठरलेली असावी, उरलेलं उचलून टाकावं, नाहीतर उंदरांचीच पंगत बसते. घरात मांजर असेल तर ते घरातच राहू द्या. त्याची शी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, टॉयलेटमध्ये किंवा नाल्यात नको. आणि कॉलेज प्रशासनाने 'मांजरांना खाऊ घालू नये' अशी पाटी लावून हात झटकण्यापेक्षा पशुवैद्यकाला एकदा कॅम्पसवर बोलवावं. पाटी मांजरांना वाचता येत नाही.

बंडू सहाव्या दिवशी सापडला. टेकडीच्या पायथ्याशी, वॉचमनकाकांच्या केबिनमागे, कान फाटलेला, निम्मा झालेला. आम्ही चौघी त्याला आधी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वहिनीनेही तिच्या डॉक्टरांना सगळं विचारलं. सहा दिवस बाहेर राहिल्यामुळे बंडूला पुढचे काही आठवडे मैत्रिणीच्या खोलीतच ठेवायचं ठरलं, वहिनीपासून लांब. काका अजून नाराज आहेत. लिटरचा ट्रे मात्र आता दादा साफ करतो, रोज सकाळी, ऑफिसला जायच्या आधी.