पुराची हद्द उपग्रह आखेल, पण त्याचा काटा तपासलाय का?

बेळगाव : दर पावसाळ्यात सीमाभागात एकच वाद उकरून निघतो. सांगली-कोल्हापूरकर म्हणतात, अलमट्टीच्या फुगवट्यामुळे पाणी तुंबतं. चिकोडी, निपाणी, अथणीकडचे लोक म्हणतात, वरून कोयना-राधानगरीचं पाणी सोडलं की आमची शेतं बुडतात. अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या प्रस्तावाने या वादात आणखी तेल ओतलं आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात दोन्हीकडची गावं पाण्यात गेली. नुकसान किती, हा हिशेब मात्र ज्याचा त्याने आपापल्या वहीत लिहिला.

आता या वादात एक तिसरा साक्षीदार आला आहे. इस्रो आणि नासाने मिळून तयार केलेला ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडण्यात आला. त्याची १२ मीटर व्यासाची अँटेना ऑगस्टमध्ये अवकाशात उलगडली. त्यावर दोन रडार आहेत. नासाचं एल-बँड रडार सुमारे २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरी वापरतं, तर इस्रोचं एस-बँड रडार सुमारे ९ सेंटीमीटरच्या. रडारला ढग आडवे येत नाहीत आणि रात्रही चालते. पुराच्या दिवसांत साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला नुसते ढग दिसतात, तेव्हा रडारच कामाला येतं.

पण रडारचं चित्र म्हणजे फोटो नव्हे, ते मोजमाप आहे. उपग्रह लहर खाली सोडतो, जमिनीवर आपटून किती परत आली ते मोजतो आणि त्यातून चित्र बनवतो. संथ पाणी आरशासारखं लहर दुसरीकडे परतवतं, म्हणून काळं दिसतं. खडबडीत जमीन उजळ दिसते. ‘अमुक आकड्याच्या खाली ते पाणी’ अशी रेघ मारून पुराचा नकाशा तयार होतो. आता हा आकडाच सरकला तर? रडारची मोजणी डेसिबलमध्ये होते आणि एका डेसिबलची चूक म्हणजे परतलेल्या लहरीच्या ताकदीत सुमारे २६ टक्क्यांचा फरक. तेवढ्याने काठावरचं ओलं शेत पुरात जाऊ शकतं आणि बुडालेलं शेत कोरडं ठरू शकतं.

बाजारातल्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, तसाच रडारचाही काटा तपासावा लागतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. पद्धत समजायला सोपी आहे. धातूचे तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडून उघड्या मैदानात ठेवतात. याला कॉर्नर रिफ्लेक्टर म्हणतात. वीज नको, यंत्र नको. त्यावर आलेली लहर आली त्याच दिशेने परत जाते. पत्र्याचं माप माहीत असल्याने चित्रात तो ठिपका किती उजळ दिसायला हवा, हे आधीच काढता येतं. मग चार गोष्टी तपासतात. ठिपका हवा तेवढा उजळ आहे का, तो नीट टोकदार आहे की पसरट, त्याच्या आजूबाजूला खोटा उजेड सांडतोय का आणि नकाशावर तो आपल्या खऱ्या जागी पडतोय का.

‘निसार’साठी इस्रोने असे रिफ्लेक्टर अहमदाबाद परिसरात आणि देशात आणखी काही ठिकाणी लावले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रोझमंड या कोरड्या तळ्यावर असे रिफ्लेक्टर आधीपासूनच आहेत. याशिवाय ॲमेझॉनच्या जंगलाची चित्रं घेतात. तिथलं दाट जंगल सगळीकडे जवळपास सारखंच दिसायला हवं. चित्राची एक बाजू गडद दिसली की अँटेनाच्या हिशेबात गडबड आहे हे कळतं.

आपल्या भागासाठी खरी मेख उसात आहे. डोक्यावर गेलेल्या उसात पाणी शिरलं तर कमी लांबीच्या लहरी पानांवरच अडतात आणि रडारला पूर दिसत नाही. एल-बँडची लांब लहर बरीचशी आत उतरते, पाण्यावर आणि मग उसाच्या खोडावर आपटून परत येते. म्हणजे बुडालेला ऊस काळा न दिसता उलट जास्त उजळ दिसू शकतो. हे ओळखायचं तर पुराआधीचं चित्र शेजारी ठेवून ताडून पाहावं लागतं. दोन फेऱ्यांमध्ये काटाच बदलला असेल, तर फरक पुराचा की यंत्राचा, हे कोण सांगणार?

मर्यादाही आहेत. ‘निसार’ आपल्या त्याच मार्गावर १२ दिवसांनी परत येतो. चढत्या-उतरत्या फेऱ्या धरल्या तरी पुराचा कळस हुकू शकतो, त्यामुळे इस्रोचा ईओएस-०४ आणि युरोपचा सेंटिनेल-१ यांची जोड लागणारच. वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि पाणी उजळ दिसतं. खानापूर-चंदगडच्या डोंगरात तर कड्याआडचा भाग रडारच्या सावलीत जातो.

म्हणून उपग्रहाचा नकाशा आला की त्यावर डोळे झाकून सही करू नये आणि तो केराच्या टोपलीतही टाकू नये. नकाशासोबत चार ओळी मागायला हव्यात. चित्र कोणत्या दिवशी, किती वाजता घेतलं? कोणत्या बँडचं? काटा शेवटचा कधी तपासला? चूक किती धरायची? कृष्णाकाठी दोन्ही राज्यांच्या हद्दीत, पूररेषेच्या वर, काही रिफ्लेक्टर लावले आणि त्यांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवली, तर त्याचा खर्च धरणांच्या हिशेबात कुठेच दिसणार नाही.

पाण्याला सीमा कळत नाही, पण भरपाईला कळते. तलाठ्याचा पंचनामा अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असतो. उपग्रह मात्र दोन्ही काठ एकाच वेळी, एकाच काट्याने मोजतो. तो काटा तपासलेला आहे, हे दोन्ही राज्यांना पटलं, तरच या साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरली जाईल.