शून्याच्या डावीकडे काय?

प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये एक कपाट असतं, ज्याची किल्ली फक्त लॅबच्या काकांकडे असते. आत काळे, गोल, जड गेज पडलेले. वर पांढऱ्या रंगात डेड स्टॉक नंबर, पण वस्तू काय मोजते हे कोणालाच ठाऊक नाही. मग एक दिवस राईट ऑफ, आणि माल भंगारात. माझं मत स्पष्ट आहे: ओळख पटल्याशिवाय एकही गेज बाहेर जाता कामा नये.

आणि ओळखणं काही अवघड नसतं हो! दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानाचा एक गेज घ्या. तबकडीवर नाव नाही, फक्त पौंड प्रति चौरस इंच. मागे मुकुट आणि ए.एम. ही अक्षरं, म्हणजे एअर मिनिस्ट्री. स्टोअर्स नंबर '६ए'ने सुरू होत असेल तर विमानातलं उपकरण. पण खरी मजा तबकडीवरच आहे. शून्याच्या डावीकडे उणे आकडे! ऑइलचं प्रेशर उणे कशाला जाईल? इनलेट मॅनिफोल्डचं मात्र जातं. थ्रॉटल बंद केला की वातावरणाच्या खाली, सुपरचार्जर लागला की वर. म्हणजे हा बूस्ट गेज. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला १९४० मध्ये १०० ऑक्टेन पेट्रोल मिळालं, तेव्हा बूस्टची मर्यादा सव्वासहा पौंडांवरून १२ वर गेली. तेच १२ पौंड अमेरिकन गेजवर पाऱ्याचे सुमारे ५४ इंच, आणि जर्मन गेजवर सुमारे १.९ 'आटा', कारण ते दोघे अॅब्सोल्यूट प्रेशर दाखवतात. नुसतं युनिट वाचलं तरी देश कळतो.

ब्रिटिश गेजचं शून्य म्हणजे समुद्रसपाटीचं प्रमाण वातावरण. त्यामुळे पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, एकदम ठणठणीत गेज टेबलावर नुसता ठेवला तरी जवळजवळ एक पौंड उणे दाखवणार. आपण लगेच म्हणणार, झीरो एरर आहे, फेका!

फेकण्याआधी एक लक्षात घ्या. अशा तबकड्यांचे आकडे बरेचदा रेडियमच्या रंगाने रंगवलेले असतात. आता चमकत नाहीत म्हणजे रेडियम संपलं असं नाही. थकतं ते झिंक सल्फाईड. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. तेव्हा काच उघडायची नाही, आकडे खरवडायचे नाहीत आणि पॉलिशपेपर तर मुळीच नको.

२०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाचं कोबाल्ट-६० असलेलं एक जुनं यंत्र लिलावात गेलं आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडलं गेलं. एक कामगार दगावला, बाकीचे हॉस्पिटलमध्ये. ते काही गेज नव्हतं, आणि त्यातला किरणोत्सर्ग कितीतरी पटींनी जास्त होता. पण वाट हीच होती: कपाट, रजिस्टर, लिलाव, भंगारवाला.

यात काकांचा काय दोष? रजिस्टरमध्ये 'काय मोजतो' हा रकानाच नसतो. तो एक रकाना वाढवावा आणि सेकंड इयरच्या एका बॅचला, काच न उघडता, भरायला द्यावा. सरांनी टर्मवर्कचे पाच मार्क ठेवले, तर बॅच आनंदाने तयार होईल, याची खात्री मी देतो.