लिलाव पुन्हा व्हावा, पण असा नाही

गेल्या ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वज दिनाला, आपल्या शाळेत पहिल्यांदाच लिलाव झाला. तो दिवस रविवारी आला होता, पालक आलेले होते, आणि नुसत्या स्टॉल्सवर फारसे पैसे जमत नाहीत हे आदल्या वर्षी सगळ्यांनी पाहिले होते. लिलावात अकरा वस्तू गेल्या आणि ४०,६०० रुपये जमले. यंदा तो पुन्हा करायचा की नाही यावरून आमच्या हाऊसमध्ये दोन तट पडले आहेत. पालकांना लाजवून पैसे काढणे आपल्याला शोभत नाही, असे एका तटाचे म्हणणे. दुसरा तट म्हणतो, डबा फिरवून एवढे पैसे कधीच जमले नसते. जानेवारीपर्यंत मी पहिल्या तटात होतो. आता दुसऱ्या तटात आहे, पण माझ्या काही अटी आहेत.

मी पहिल्या तटात का होतो, ते आधी सांगतो. लिलावातली सातवी वस्तू मी बनवली होती. प्लायवूडची आयएनएस विक्रांत, हॉबी क्लासमध्ये दोन टर्म खपून केलेली. बोली ५०० रुपयांपासून सुरू झाली. बाबांनी हात वर केला. ते येणारच होते हात वर करायला, कोणाचेही वडील करतील. मग मागच्या रांगेतून एका वर्गमित्राच्या वडिलांनी बोली चढवली. त्यांना बहुधा जहाज खरोखरच आवडले होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. १,५०० ला बाबा थांबले. तेव्हा माईकवरचा सिनिअर हसत म्हणाला, "अंकल, बेटे के लिए बस इतना ही?" सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी पुन्हा हात वर केला. जहाज ४,२०० ला त्यांच्याकडे गेले. टाळ्या झाल्या.

बाबा नाईक म्हणून निवृत्त झाले आणि आता एका बँकेत सुरक्षारक्षक आहेत. खिशात तेवढे पैसे नव्हते, आणि मैदानावर मोबाईलला रेंज नसल्यामुळे फोनवरून पैसे जात नव्हते. ते गेटपर्यंत चालत गेले, पैसे पाठवले आणि परत आले. पुढच्या रविवारी फोनवर आईने सहज बोलता बोलता सांगितले की चष्म्याचा नवा नंबर काढला आहे, पण चष्मा पुढच्या महिन्यात करू. त्या रात्री मी शेजारच्या बेडवरच्या मित्राला म्हणालो की ती बोली नव्हती, ती खंडणी होती.

मग हिवाळी सुट्टीत मी घरी गेलो. आमचे गाव सिंधुदुर्गात आहे. जत्रेत देवासमोर आलेले नारळ, केळीचे घड, फणस यांचा लिलाव होतो, त्याला आमच्याकडे पावणी म्हणतात. पुकारणारा 'एक वार, दोन वार' करत जातो आणि तिसऱ्या वाराला वस्तू देतो. लहानपणापासून मी ती पाहिली आहे, पण यंदा लक्ष देऊन पाहिली. बाजारात तीसेक रुपयांना मिळणारा नारळ बाबांनी ३५० ला घेतला आणि खुशीत घेतला. मी जरा रागानेच विचारले की शाळेत एवढे पैसे गेले, आता पुन्हा बोली कशाला? बाबा म्हणाले, "पैशे गेले तेचा काय नाय रे. पण ते खंय गेले, ता कोणी सांगूक नाय."

हे ऐकून मी गप्प झालो, कारण मलाही ते माहीत नव्हते. लिलावाच्या शेवटी रक्कम जाहीर झाली, आभार मानले गेले आणि चहा झाला. गावात मात्र पुकारणाऱ्याने पहिल्या नारळाआधीच सांगितले होते की या वर्षीचे पैसे सभामंडपाच्या पत्र्यांना लागणार. गळका पत्रा सगळ्यांच्या डोक्यावरच होता. आणि बाबा ज्या घडावर ३०० ला थांबले, तिथे त्यांना कोणी डिवचले नाही.

शाळेत परत आल्यावर हा विषय डॉर्मिटरीत काढला, तर हैदराबादच्या मित्राने बाळापूरच्या लाडवाची गोष्ट सांगितली. तिथल्या गणपतीच्या हातातल्या २१ किलोच्या लाडवाचा विसर्जनाच्या दिवशी लिलाव होतो. १९९४ साली पहिल्यांदा तो ४५० रुपयांना गेला. २०२५ साली ३५ लाखांना. लाडू तोच, तूप-साखर तीच. वाढली ती लोकांची श्रद्धा, आणि मित्राच्या म्हणण्याप्रमाणे दुसरी एक गोष्ट: त्या पैशातून गावात झालेली कामे लोकांना दिसतात. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. श्रद्धा आपण शाळेच्या मैदानावर आणू शकत नाही, हिशोब आणू शकतो.

ध्वज दिन १९४९ पासून पाळला जातो. त्या निधीतून केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत माजी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत मिळते, हे आम्ही दरवर्षी असेंब्लीच्या भाषणात ऐकतो आणि विसरतो. मी यंदा जरा खोलात गेलो. हवालदार हुद्द्यापर्यंतचे जे माजी सैनिक ६५ वर्षांच्या वर आहेत आणि ज्यांना पेन्शन नाही, त्यांना आता महिन्याला ८,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२५ पूर्वी ते ४,००० होते. मुलांच्या शिक्षणासाठी आता दरमहा २,००० आहेत, दोन मुलांपर्यंत. म्हणजे आपले ४०,६०० रुपये हे अशा पाच वृद्ध सैनिकांचा एक महिना आहेत. हे एक वाक्य पहिल्या बोलीआधी माईकवरून कोणी बोलले असते, तर 'बस इतना ही' म्हणायची गरज पडली नसती. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील जवान किंवा जेसीओ आहेत. पेन्शनशिवाय घरी बसलेला म्हातारा शिपाई म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

आता वस्तूंविषयी. अकरापैकी चार वस्तू दुकानातून आलेल्या होत्या: मिक्सर, चादरींचा सेट, भिंतीवरचे घड्याळ, डिनर सेट. दुकानदारांनी त्या मोफत दिल्या, त्याबद्दल त्यांचे आभारच आहेत. पण २,६०० ची किंमत छापलेला मिक्सर १,८०० ला गेला. साहजिक आहे. ज्या वस्तूची बाजारातली किंमत सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यासाठी जास्त कोण देईल? तो लिलाव झाला नाही, सेल झाला. नीरज चोप्रांनी टोकियोत वापरलेल्या भाल्यांपैकी त्यांनी पंतप्रधानांना भेट दिलेला भाला २०२१ च्या ई-लिलावात दीड कोटीला गेला आणि ते पैसे नमामि गंगेला मिळाले, कारण तसा भाला दुकानात मिळत नाही. आपल्याकडे नीरज चोप्रा नाहीत (ॲथलेटिक्सचे सर म्हणतात, अजून नाहीत), पण दुकानात न मिळणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. पासिंग आउटच्या दिवशी बँडला आपल्या आवडीची एक धून वाजवायला सांगण्याचा मान. रायडिंग क्लबमध्ये पालकांसाठी तासभर घोडेस्वारी. परेड मैदानाच्या कडेला आपल्या नावाचे झाड. हेड टेबलवर जेवण. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एका रविवारचा मेसचा मेनू ठरवण्याचा हक्क. यातल्या कशालाही शाळेचा फारसा खर्च नाही.

क्रमाचाही विचार व्हावा. बारावीच्या एका कॅडेटचे तैलचित्र, माझ्या मते त्या दिवसाची सगळ्यात चांगली वस्तू, सगळ्यात आधी काढले. अर्धे लोक खुर्च्या शोधत होते. ९०० ला गेले. आणि शेवटच्या तीन वस्तूंच्या वेळी लांबचे पालक गाडी पकडायला निघून गेले होते. चांगल्या वस्तू मधे याव्यात, आणि सगळे दुपारच्या जेवणाआधी संपावे.

बोली कशी लावायची हा सगळ्यात वादाचा मुद्दा आहे. माझे म्हणणे असे की बहुतेक वस्तू सकाळपासून टेबलावर मांडून ठेवाव्यात, प्रत्येक पालकाला एक नंबर द्यावा आणि ज्याला जे घ्यायचे त्याने आकडा चिठ्ठीवर लिहून बंद पेटीत टाकावा. पेटी उघडल्यावर फक्त जिंकलेला नंबर वाचायचा. कोणाचे वडील कितीवर थांबले हे कोणालाच कळणार नाही. आमच्या एका सरांना हे पटत नाही. ते म्हणतात, समोरासमोर बोली लागते तेव्हाच आकडा चढतो, चिठ्ठीत माणूस हात आखडता घेतो. यात तथ्य आहे. माझे जहाज चिठ्ठीने गेले असते तर बहुधा २,००० च्या आसपास गेले असते. शाळेचे २,२०० रुपये कमी झाले असते, हे मी मान्य करतो. तरी माझा आग्रह कायम आहे, निदान कॅडेटने स्वतः बनवलेल्या वस्तूंसाठी. तिथे ती वस्तू न घेता परत जाऊ न शकणारा एकच माणूस मैदानावर असतो, आणि ते सगळ्यांना माहीत असते. बँडची धून, मेनू, घोडेस्वारी यांची बोली खुशाल माईकवर लावा, जोरात लावा. फक्त माईकवाल्याने माणसाकडे बोट दाखवू नये. वस्तूबद्दल बोलावे, निधीबद्दल बोलावे.

माईकवरच्या त्या सिनिअरबद्दल एक सांगायला हवे. फेब्रुवारीत मी त्याला हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला की त्याला कार्यक्रमात मजा आणायला सांगितले होते आणि मजा कशी आणायची हे कोणी सांगितले नव्हते. मला ते खरे वाटले.

पैसे कुठे गेले याची पावती महिन्याभरात नोटीस बोर्डवर लागावी आणि या मासिकातही छापली जावी. पालकांना आधीच पत्र जावे, त्यात वस्तूंची यादी असावी आणि मैदानावर रेंज नसते हेही लिहिलेले असावे.

यंदा ७ डिसेंबर सोमवारी येतो, त्यामुळे फेट बहुधा ६ तारखेला असेल. आमच्या हाऊसने ठरवले आहे की मेनूचा हक्क लिलावात आला, तर प्रत्येकाने पॉकेट मनीतले २० रुपये घालून एकत्र बोली लावायची. चौतीस जणांनी होकार दिला आहे. बाकीचे पनीर की चिकन यावर अडून बसले आहेत.