बोट मोजून झाली असेल तर जरा शेपटी बघा

विमानवाहू नौकेचा फोटो फिरायला लागला की आपल्याकडच्या कमेंट ठरलेल्या. किती टनांची, चीनकडे किती, आपल्याकडे किती. डेकवरच्या विमानांच्या शेपटीवर काय लिहिलंय, ते कुणी वाचत नाही.

अमेरिकन नौकांवरच्या विमानांच्या शेपटीवर दोन मोठी अक्षरं असतात. पहिलं 'ए' असेल तर अटलांटिक, 'एन' असेल तर पॅसिफिक. दुसऱ्या अक्षरावरून विंग कळते. 'एजे' म्हणजे आठवी कॅरियर एअर विंग, 'एनएफ' म्हणजे पाचवी. नाकावरच्या तीन आकड्यांवरून स्क्वाड्रन ओळखायची: १०० ते ४०० च्या मालिका लढाऊ विमानांच्या, ५०० ची शत्रूचं रडार जॅम करणाऱ्या ग्राउलरची, ६०० ची टेहळणीच्या हॉकआयची. शेवटी दोन शून्यं दिसली तर ते विंग कमांडरच्या नावाचं विमान, रंगही बहुधा जरा भडक. या कमांडरला अजून 'कॅग' म्हणतात. एअर ग्रुपची एअर विंग १९६३ मध्येच झाली, पण तोंडातलं नाव गेलं नाही.

आता मुद्दा. ही अक्षरं विंगची आहेत, जहाजाची नाहीत. जपानमधली 'एनएफ' बघा. १९७३ ला मिडवेसोबत तिथे गेली, मग इंडिपेंडन्स, किटी हॉक, जॉर्ज वॉशिंग्टन, रोनाल्ड रेगन आणि २०२४ मध्ये परत जॉर्ज वॉशिंग्टन. बोटी बदलल्या, विमानं बदलली, शेपटी तीच. कॅगचा मान जहाजाच्या कॅप्टनच्या बरोबरीचा, दोघंही एकाच ॲडमिरलला उत्तर देतात. मोहिमेआधी अख्खी विंग नेवाडाच्या वाळवंटात, फॅलनला, एकत्र सराव करते. म्हणजे त्यांच्या लेखी विंग ही स्वतंत्र फौज आहे, बोटीसोबत फुकट मिळणारी ॲक्सेसरी नव्हे.

आणि आपण? नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झाली, टाळ्या वाजल्या. पहिलं मिग-२९के तिच्यावर उतरलं २०२३ च्या फेब्रुवारीत. ही मिग आपण एकूण ४५ घेतली, दोन नौकांसाठी. त्यातून अपघात, दुरुस्ती, ट्रेनिंगची विमानं वजा करा आणि बाकी स्वतःच बघा. त्यांच्या दोन्ही स्क्वाड्रन, ३०० व्हाइट टायगर्स आणि ३०३ ब्लॅक पँथर्स, आपल्या गोव्यातल्या हंसा तळावरच्या. सकाळी दाबोळीला फ्लाइट का नाही म्हणून बोटं मोडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, की नेव्हीचे वैमानिक त्याच वेळी तिथे घाम गाळतात.

तिसरी नौका हवी की नको यावर टीव्हीवर तासन् तास भांडण चालतं. माझं मत सरळ आहे: आधी विंग दाखवा, मग बोटीचं बोला. नवीन नौकेची मागणी करणाऱ्या प्रत्येक खासदाराला विचारा, तिच्यावर कुठल्या स्क्वाड्रन जाणार, वैमानिक किती तयार आहेत, विमानं कुठल्या साली येणार? २६ राफेल-एमचा करार व्हायला २०२५ चा एप्रिल उजाडला. सगळी हातात यायला २०३० म्हणतात. तोवर विक्रांत आठ वर्षांची झालेली असेल.