शिसं ओतायचंय? आधी माप बोला!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. वीकएंडला एअर रायफल हातात घेणाऱ्या आपल्या आयटीवाल्या जमातीत एक वाक्य फार ऐकू येतं. "अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये शिसं वितळवतात, घरच्या घरी गोळ्या ओततात, डायमधून काढून मापात आणतात आणि कडतुसं पुन्हा भरतात. आपण मात्र परदेशी डब्यांसाठी पैसे मोजत बसतो. सरकारने इथेही मोकळीक दिली की बघा कशी पदकांची रांग लागते!"

ऐकायला झकास. पण यातला राग बरोबर असला तरी उपाय साफ चुकीचा आहे.

पहिली गोष्ट. ऑलिंपिकमध्ये चालतं काय? १० मीटरला एअर रायफल आणि एअर पिस्तूल, म्हणजे ४.५ मिलिमीटरचा छर्रा. त्यात ना दारू, ना कडतूस. भरणार काय, कप्पाळ? ५० मीटर रायफलला पॉइंट टू टू. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं ते याच प्रकारात. या कडतुसाचा पेट घेणारा मसाला तळाच्या कडेत गोल पसरलेला असतो. घोड्याचा टोला बसला की ती कडच चेपते. म्हणजे वापरलेलं कडतूस घरी पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. उरली शॉटगन, ती भरता येते. पण दादरच्या सावरकर स्मारकात किंवा वरळीच्या रेंजवर एअर रायफल शिकणाऱ्या पोरांना त्याचा काय उपयोग? ज्यांच्या नावाने गळा काढायचा, त्यांची बंदूक कुठली हे तरी बघा राव.

दुसरी गोष्ट, माप. साच्यातून निघालेली गोळी कधीच एका मापाची नसते. साचा किती तापला, मिश्रणात अँटिमनी आणि कथील किती, यावर ती कमीजास्त आकसते. म्हणून आधी नळीचं आतलं माप काढायचं, पीळदार चरांच्या तळापासून तळापर्यंत, आणि गोळी त्याहून साधारण एक हजारांश इंच जाड ठेवायची. म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. गोळी बारीक राहिली तर गरम वायू कडेने निसटतो, शिसं खरवडतो आणि नळीत त्याचा थर बसतो. जास्त जाड राहिली तर कडतूस खोबणीत नीट बसत नाही, दाब वाढू शकतो.

आणि डाय म्हणजे जादूची कांडी नव्हे. ती फक्त बाहेरचा व्यास सारखा करते. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो तसाच राहतो, आणि फिरणारी गोळी डगमगते. आपल्या भाषेत सांगायचं तर हे नुसतं इनपुट व्हॅलिडेशन झालं. लॉजिकमधला बग तसाच प्रॉडक्शनला गेला :-)

तिसरी गोष्ट, खोली. अमेरिकेतलं गॅरेज वेगळं आणि लालबागमधली दहा बाय बाराची खोली वेगळी. शिसं ३२७ अंशाला वितळतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी वितळलेलं शिसं अंगावर उडतं, आणि आपल्याकडे शेगडीपासून मोरी दोन हातांवर! ते टाळलंत तरी मळी आणि धूळ हाताला, फरशीला, कपड्यांना लागतेच. पोरं रांगतात ती त्याच फरशीवर. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा, की भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं आहे. २००० साली आपण पेट्रोलमधून शिसं काढलं. ते आता स्वयंपाकघरातून परत आणायचं?

चौथी, कायदा. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. 'गंमत म्हणून केलं' हा बचाव चालत नाही.

"म्हणजे आपल्याला जमणारच नाही?" असं विचारणाऱ्यांसाठी एक आठवण. काळबादेवी-गिरगावच्या पट्ट्यात जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे असे सुबक खिळे ओतले, की त्यांच्या पुस्तकांचं आजही नाव निघतं. ते खिळे कशाचे? शिसं, अँटिमनी, कथील. तोच धातू! अमेरिकेतले घरी गोळ्या ओतणारे जुन्या छापखान्यांतलं हे शिसं शोधत फिरतात. खिळा केसभर उंच झाला तर कागद फाडतो, केसभर बुटका राहिला तर अक्षर उमटत नाही. शिशाला मापात ठेवणं ही मुंबईची जुनी विद्या आहे. पण ती कारखान्याची विद्या होती. नेमलेली माणसं, ठरलेलं मिश्रण, रोजची तपासणी. जुगाड नव्हे.

तेव्हा मागायचंच असेल तर हे मागा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, वरणगावलाही आहे. लाखांनी गोळ्या बनवणाऱ्या देशाचे अव्वल नेमबाज अजून इंग्लंड-जर्मनीच्या डब्यांवर का अवलंबून? स्पर्धेच्या दर्जाचं पॉइंट टू टू इथे का बनू नये? छर्र्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं माप छापलं, तर ते प्रत्येक छर्र्याला लागू पडेल एवढी तपासणी इथे का होऊ नये? बंदूक शिकंज्यात धरून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघायचा बोगदा परदेशी कंपन्यांकडे असतो. वरळीला किंवा बालेवाडीला असा सार्वजनिक बोगदा का असू नये?

दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमधून रायफल धरणारी एक मुलगी २००० साली सिडनीच्या अंतिम फेरीत पोचली. अंजली वेदपाठक, म्हणजेच अंजली भागवत. तिच्यासारख्या पुढच्या मुलीला घरी शिसं वितळवायची मोकळीक नकोय, मापाचा डबा हवाय. तो परवडणाऱ्या किमतीत मिळावा म्हणून भांडा, मी तुमच्या बाजूने.

शेगडीवर शिसं ठेवणार असाल तर मात्र माझ्याकडे चहाला बोलावू नका, आणि मीही तुमच्याकडे येणार नाही.